उत्प्रेरणाचे प्रकार किती? आधी क्रिया कुठे घडते ते बघा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे: बारावीच्या पुस्तकात उत्प्रेरणाचे समांगी आणि विषमांगी असे दोनच प्रकार होते, बी.एस्सी.ला त्यात विकरं (एन्झाइम), स्वयंउत्प्रेरण आणि ऋण उत्प्रेरण आलं, आता एम.एस्सी.ला फेज ट्रान्सफर, फोटो, ऑर्गॅनो असे आणखी प्रकार निघाले. मग नक्की किती, आणि औषधकंपनीत मुलाखतीला जाताना यातलं काय पक्कं हवं? मी बरीच वर्षं आधी प्रोसेस डेव्हलपमेंटमध्ये आणि मग हायड्रोजनेशनच्या प्लांटवर काढली आहेत, त्यामुळे उत्तर त्या बाजूला थोडं झुकलेलं असेल.

आकडा पाठ करू नका. ही यादी एकाच कसोटीवर केलेलीच नाही. समांगी आणि विषमांगी हा भेद उत्प्रेरक कोणत्या अवस्थेत आहे यावरून केलाय: क्रिया करणाऱ्या पदार्थांच्याच अवस्थेत असला तर समांगी, वेगळ्या अवस्थेत असला तर विषमांगी. विकर म्हणताना आपण उत्प्रेरक कशाचा बनलाय ते सांगतो, फोटो म्हणताना ऊर्जा कुठून येते ते, आणि स्वयंउत्प्रेरण म्हणताना उत्प्रेरक आला कुठून ते. कसोट्या वेगळ्या असल्या की एकच उत्प्रेरण दोन-तीन खणांत बसणारच. प्लांटवर खरा उपयोगी प्रश्न एकच असतो: रेणूची आणि उत्प्रेरकाची गाठ कुठे पडते? द्रावणात, धातूच्या पृष्ठभागावर, छिद्राच्या आत की प्रथिनाच्या खोबणीत? तापमान किती लागेल, नको असलेलं उत्पादन किती निघेल, उत्प्रेरक परत कसा मिळवायचा आणि तो मरणार कशाने, हे सगळं त्या जागेवरून ठरतं.

एक पाया आधी पक्का करा. हायड्रोजन पेरॉक्साइडचं द्रावण बाटलीत महिनोन्‌महिने टिकतं, कारण त्याच्या विघटनाची सक्रियण ऊर्जा, म्हणजे क्रिया घडायला ओलांडावा लागणारा ऊर्जेचा उंबरठा, मोलमागे सुमारे 75 किलोज्यूल आहे. त्यात आयोडाइड घातलं की ती 56 च्या आसपास येते. फरक जेमतेम 19 किलोज्यूलचा, पण आऱ्हेनियसच्या सूत्रात तो घातांकात बसतो, म्हणून 25 अंशांना वेग सुमारे 2000 पट होतो. बटाट्याची फोड टाकली तर तिच्यातलं कॅटलेज नावाचं विकर हेच काम त्याहून कितीतरी जोरात करतं आणि लगेच फेस येतो. आयोडाइड असो वा कॅटलेज, मूळ वाटेवरची ऊर्जा कोणीच कमी केलेली नाही. आयोडाइड आधी पेरॉक्साइडकडून ऑक्सिजन घेऊन हायपोआयोडाइट होतं, ते दुसऱ्या पेरॉक्साइडशी भिडून पुन्हा आयोडाइड होतं. म्हणजे क्रियेची वाटच बदलली. उत्प्रेरक क्रियेत भाग घेत नाही, असं वाक्य कुठल्या गाइडमध्ये दिसलं तर ते खोडून टाका. तो पुरेपूर भाग घेतो, फक्त चक्राच्या शेवटी परत मिळतो.

समतोल मात्र उत्प्रेरकाला हलवता येत नाही. पुढची आणि मागची, दोन्ही क्रिया तो सारख्याच पटीने वाढवतो. अमोनियाच्या प्लांटमध्ये लोहाचा उत्प्रेरक असतो, अलिबागजवळच्या थळच्या आरसीएफ खत कारखान्यातही तोच. तो उत्पादनाचं प्रमाण थेट वाढवत नाही. त्याच्यामुळे 400 ते 500 अंशांत काम भागतं, आणि तापमान कमी ठेवता आलं म्हणून समतोल अमोनियाला त्यातल्या त्यात अनुकूल राहतो. हा फरक मुलाखतीत हमखास विचारला जातो.

आता यादीतले दोन प्रकार लवकर निकालात काढू. ऋण उत्प्रेरण हा प्रकार मी मानत नाही, आणि रसायनशास्त्रातल्या संज्ञा ठरवणारी आंतरराष्ट्रीय संस्था आयुपॅकही हा शब्द वापरू नका असं सांगते. क्रिया मंदावणारा पदार्थ बहुतेक वेळा क्रियेची साखळी तोडताना स्वतः खर्ची पडतो, परत मिळत नाही. त्याला निरोधक म्हणा. स्वयंउत्प्रेरण मात्र खरं आहे आणि तुम्ही ते बारावीच्या प्रॅक्टिकलला डोळ्यांनी पाहिलंय. ऑक्झॅलिक आम्लाचं द्रावण सल्फ्युरिक आम्ल घालून 60-70 अंशांपर्यंत गरम करून परमँगनेटने टायट्रेशन केलंत, तेव्हा पहिल्या थेंबाचा गुलाबी रंग जाता जात नव्हता, पुढचे थेंब मात्र पडताक्षणी विरत होते. पहिल्या थेंबातून तयार झालेला मँगनीज(II) आयन पुढच्या क्रियेचा उत्प्रेरक होता. पुन्हा करून बघा, पण या वेळी चिमूटभर मँगनस सल्फेट आधीच घाला, म्हणजे पहिला थेंबही लगेच विरेल. हेच उत्प्रेरण एकाच द्रावणात घडतं, म्हणून समांगीही आहे. खणांची अडचण इथेच दिसते.

समांगी उत्प्रेरणाची ताकद आणि दुखणं समजून घ्यायचं असेल तर ॲसिटिक आम्ल बघा. मिथेनॉल आणि कार्बन मोनॉक्साइड यांच्यापासून ते बनवण्याची मोन्सँटोची पद्धत 1970 मध्ये सुरू झाली. द्रावणात रोडियमचा आयन असतो, त्याला दोन कार्बोनिल आणि दोन आयोडाइड जोडलेले. मिथेनॉलपासून हायड्रोजन आयोडाइडमुळे मिथिल आयोडाइड बनतं, ते रोडियमवर येऊन बसतं, आणि ही पायरी सगळ्यांत मंद असल्यामुळे सगळा वेग तिच्यावर. मग मिथिल गट शेजारच्या कार्बोनिलवर सरकतो, ॲसिटिल आयोडाइड सुटतं, पाण्याने त्याचं ॲसिटिक आम्ल होतं आणि हायड्रोजन आयोडाइड परत मिळतं. प्रत्येक रोडियम अणू अगदी एकसारखा आणि प्रत्येक कामाला लागलेला, त्यामुळे मिथेनॉलवर धरलेली निवडकता 99 टक्क्यांच्या वर जाते. समांगी उत्प्रेरणाचं बळ हेच.

दुखणंही त्याच द्रावणात आहे. कार्बन मोनॉक्साइडचा दाब उतरला की रोडियम आयोडाइडचा साका खाली बसतो. तो बसू नये म्हणून भरपूर पाणी ठेवावं लागायचं, आणि मग तेच पाणी ऊर्ध्वपातनाने काढायला वाफ जाळावी लागायची. 1996 मध्ये बीपीने इरिडियमची कॅटिव्हा पद्धत आणली, तिचा मोठा फायदा कमी पाण्यात चालण्याचा होता. वेग वाढला हे खरंच, पण कारखान्याच्या हिशेबात वाफेची बचत मोठी. उत्प्रेरक निवडताना वेगाचा विचार सगळे करतात. तो वेगळा कसा काढायचा याचा विचार आधी करणारा केमिस्ट प्लांटला जास्त उपयोगी पडतो.

औषधांत हाच प्रश्न वेगळ्या रूपात येतो. सुझुकी कपलिंग, म्हणजे दोन रेणूंचे कार्बन एकमेकांना जोडणारी क्रिया, पॅलेडियमने सुंदर होतं, पण तोंडावाटे घ्यायच्या औषधातून दिवसाला 100 मायक्रोग्रॅमपेक्षा जास्त पॅलेडियम पोटात जाऊ नये, अशी आंतरराष्ट्रीय मर्यादा आहे. दिवसाची मात्रा 1 ग्रॅम असेल तर 100 पीपीएम (दहा लाखांत 100 भाग), 10 ग्रॅम धरली तर 10 पीपीएम. मग चारकोल, थायॉल लावलेली सिलिका, पुन्हा क्रिस्टलायझेशन असा खटाटोप करावा लागतो, आणि त्यात यील्ड जातो. जर्मनीत ओबरहाउझेनला 1984 पासून प्रोपीनचं हायड्रोफॉर्मिलेशन (कार्बन मोनॉक्साइड आणि हायड्रोजन जोडून अल्डिहाइड बनवणं) ज्या पद्धतीने चालतं, ती या दुखण्यावरची मला सगळ्यांत आवडणारी युक्ती आहे. रोडियमच्या लिगंडवर (धातूला जोडलेल्या रेणूवर) सल्फोनेट गट लावून उत्प्रेरक पाण्यात विरघळणारा केला. तयार झालेला ब्युटिराल्डिहाइड वरच्या थरात येतो, रोडियम खाली पाण्यात राहतं, थर वेगळे केले की काम झालं. लांब साखळीची अल्कीन पाण्यात जवळपास विरघळतच नाहीत, म्हणून तिथे ही युक्ती चालत नाही.

आता विषमांगी. इथे मी जरा थांबणार आहे, कारण रोजचं काम याच्याशी आहे.

वनस्पती तूप घ्या. तेलात निकेलची बारीक पूड, वरून हायड्रोजन, तापमान 150 ते 200 अंश. हायड्रोजनचा रेणू निकेलवर फुटून दोन सुटे अणू होतात. तेलातला सिस दुहेरी बंध पृष्ठभागावर टेकतो, त्याच्या एका कार्बनला हायड्रोजन चिकटतो. या क्षणी तो बंध एकेरी झालेला आहे आणि मोकळा फिरू शकतो. लगेच दुसरा हायड्रोजन मिळाला तर संपृक्त मेद. पृष्ठभागावर हायड्रोजनचा तुटवडा असेल तर आत्ताच चिकटलेल्या कार्बनवरूनच एक हायड्रोजन निघून जातो, दुहेरी बंध परत तयार होतो, पण या वेळी बहुधा ट्रान्स, कारण ते रूप जास्त स्थिर आहे. ट्रान्स फॅट म्हणून ज्याची एवढी चर्चा झाली ते या अर्धवट राहिलेल्या पायरीतून येतं. दाब वाढवा, ढवळणं सुधारा, तापमान उतरवा, ट्रान्स कमी होतं; पण शून्य होत नाही. आपल्याकडे जानेवारी 2022 पासून मेदातल्या औद्योगिक ट्रान्स फॅटची मर्यादा 2 टक्के झाली, आणि अर्धवट हायड्रोजनेशनला त्या मर्यादेत बसणं जड जातं. पर्याय म्हणून इंटरएस्टरिफिकेशन, म्हणजे मेदातल्या मेदाम्लांच्या जागांची अदलाबदल, आलं: एका पद्धतीत सोडियम मेथॉक्साइड, दुसऱ्यात आधारावर बसवलेलं लायपेज हे विकर. एकाच पदार्थासाठी निकेल, आल्कली आणि विकर अशा तीन तऱ्हा, आणि निवड कशावरून झाली तर दुहेरी बंधाला हात कोण लावतं यावरून. मेथॉक्साइड आणि लायपेज फक्त एस्टरच्या जागी काम करतात, त्यामुळे सिस बंध जसाच्या तसा राहतो.

पृष्ठभागावर काम चालतं म्हटल्यावर आतले अणू बेकार बसलेले असतात, हे लक्षात ठेवा. म्हणूनच विषाचं, म्हणजे उत्प्रेरकाला निकामी करणाऱ्या पदार्थाचं, प्रमाण इतकं थोडं पुरतं. हिशेब करून बघा. 5 टक्के पॅलेडियम-कार्बन (कार्बनवर बसवलेलं पॅलेडियम), कोरडा 1 ग्रॅम, म्हणजे पॅलेडियम 50 मिलिग्रॅम, सुमारे 0.47 मिलिमोल. त्यातले पाव अणू पृष्ठभागावर आहेत असं धरलं तर 0.12 मिलिमोल. एका अणूवर एक गंधक बसला तर सगळा पृष्ठभाग झाकायला गंधक लागेल 4 मिलिग्रॅमच्या आत. 1 किलो मालाला आपण 10 ग्रॅम उत्प्रेरक घालतो असं धरा. मालात 40 पीपीएम गंधक असलं की उत्प्रेरक संपला. प्रत्यक्षात त्याहून कमीतच दम निघतो.

एका ठिकाणी नायट्रोपासून अमीन करायच्या बॅचेस अर्ध्यावर अडकायला लागल्या. हायड्रोजनचा दाब सुरुवातीला भराभर उतरायचा, मग काटा जागेवर. थोडा उत्प्रेरक अजून चार्ज केला की पुन्हा जरा चालायचं आणि थांबायचं. हे लक्षण ओळखायला शिका: ताजा उत्प्रेरक घातल्यावर चालतं आणि परत थांबतं, म्हणजे विष मालात आहे, उत्प्रेरकाचा दोष नाही. खात्रीसाठी थांबलेल्या बॅचमधला उत्प्रेरक गाळून शुद्ध नायट्रोबेंझिनवर लावला, तो मेलेला निघाला. मालाच्या आधीच्या पायरीत थायोनिल क्लोराइड होतं आणि पुरवठादाराच्या नव्या लॉटमध्ये धुणं कमी पडलं होतं. गुणवत्ता तपासणीच्या (क्यूसी) एचपीएलसीत, म्हणजे घटक वेगळे करून मोजणाऱ्या यंत्रात, तो माल 99 टक्क्यांच्या वर शुद्ध दिसत होता, कारण गंधकाची ती अशुद्धी तिथे दिसतच नाही. उपाय जुनाच आहे. वापरून झालेलं रेनी निकेल (सच्छिद्र निकेलची पूड) मालाच्या द्रावणात घालून ढवळायचं, ते गंधक ओढून घेतं, मग गाळून पॅलेडियम चार्ज करायचं. नव्या मुलांना इथे एक सांगावंसं वाटतं: रेनी निकेल असो की वापरलेलं पॅलेडियम-कार्बन, गाळणीवर केक कोरडा पडू देऊ नका. त्यात हायड्रोजन भरलेला असतो, हवा लागली की पेटतो, आणि खाली मिथेनॉल असतं. आधी नायट्रोजन, मग केकवर कायम पाण्याचा थर, याला अपवाद नाही.

विष मुद्दाम घालण्याचंही शास्त्र आहे. लिंडलार उत्प्रेरकात पॅलेडियमला शिसं आणि क्विनोलिन देऊन मंद करतात, म्हणजे अल्काइन सिस अल्कीनपाशी थांबतं, पुढे जात नाही. प्रवर्तक याच्या उलट, तो उत्प्रेरकाला जोर देतो. अमोनियाच्या लोहात ॲल्युमिना असतं, ते लोहाचे बारीक कण तापून एकमेकांत मिसळू देत नाही, आणि पोटॅश पृष्ठभागाला इलेक्ट्रॉन पुरवून नायट्रोजनचा तिहेरी बंध तोडणं सोपं करतं. हे मिश्रण शोधायला बीएएसएफ या जर्मन कंपनीत आल्विन मिटाशच्या गटाने हजारो चाचण्या केल्या, 1913 मध्ये ओपाउला कारखाना सुरू झाला, आणि नायट्रोजन फुटणं हीच मंद पायरी आहे हे गेरहार्ड एर्टल यांनी कितीतरी दशकांनी दाखवलं. 2007 चं नोबेल त्यांना पृष्ठभागांच्या अशा अभ्यासासाठी मिळालं.

विषमांगीत आणखी एक गोष्ट पुस्तकं घाईत उरकतात. रेणू पृष्ठभागापर्यंत पोचायला हवा. ऑटोक्लेव्हचा वेग 600 वरून 900 आरपीएम केला आणि हायड्रोजन खेचण्याचा दर वाढला, तर तुम्ही आतापर्यंत रसायनशास्त्र मोजतच नव्हता, वायू द्रवात किती लवकर विरघळतो ते मोजत होता. अशा वेळी उत्प्रेरक दुप्पट घालणं म्हणजे पैसे पाण्यात. लॅबमध्ये दोन तासांत होणारी बॅच प्लांटवर आठ तास घेते, त्यामागे बहुतेक वेळा हेच असतं. वायू-द्रव क्रियांतल्या या वस्तुमान-वहनावर मुंबईच्या यूडीसीटी या रासायनिक तंत्रज्ञानाच्या संस्थेत, म्हणजे आजच्या आयसीटीत, प्रा. एम. एम. शर्मा यांनी केलेलं काम जगभर वापरलं जातं. आपल्या भागात राहून ते न वाचणं म्हणजे नुकसानच.

जिओलाइट (सिलिका-ॲल्युमिनाचे अतिसूक्ष्म छिद्रांचे स्फटिक) हा विषमांगीचाच उपप्रकार, पण त्याला वेगळं स्थान द्यायला हवं, कारण तिथे क्रिया सुमारे अर्ध्या नॅनोमीटरच्या छिद्रांत होते. झेडएसएम-5 नावाच्या जिओलाइटमध्ये पॅरा-झायलीन सरळ बाहेर पडतं, ऑर्थो आणि मेटा अडखळतात आणि आतच फिरून पॅरा होत राहतात. पॉलिएस्टरच्या धाग्याला पॅरा-झायलीनच लागतं. पुण्याच्या एनसीएलमध्ये (राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत) डॉ. पॉल रत्नसामी आणि सहकाऱ्यांनी एन्सिलाइट नावाचा अशा जातीचा उत्प्रेरक विकसित केला आणि 1980 च्या दशकात तो वडोदऱ्याला आयपीसीएल या पेट्रोकेमिकल कंपनीत झायलीनसाठी प्रत्यक्ष चालवला. उत्प्रेरक म्हणजे परदेशातून ड्रममध्ये येणारी वस्तू, असं समजणाऱ्या काळात हे घडलं, याचं महत्त्व मला फार वाटतं.

विकरांबद्दल पुस्तकात कुलूप-किल्ली असते, ती सोडा. मधुमेहावरच्या सिटाग्लिप्टिन या औषधाचं उदाहरण घ्या. आधी त्यातली अमीनची पायरी रोडियम आणि किरल लिगंडने, दाबाखाली हायड्रोजन देऊन व्हायची. मग रोडियम काढा, मग उजवा-डावा भेद पक्का करायला क्रिस्टलायझेशन. मर्क आणि कोडेक्सिस या कंपन्यांनी ट्रान्सअमिनेज जातीच्या एका विकरामध्ये टप्प्याटप्प्याने 27 ठिकाणी बदल करून त्याच्या खोबणीत हा मोठा रेणू बसवला. 2010 मध्ये हे काम प्रसिद्ध झालं. नवं विकर निम्मं डीएमएसओ (सेंद्रिय द्रावक) असलेल्या द्रावणात, 40-45 अंशांना टिकतं, हायड्रोजनचा दाब नको, जड धातू नको, आणि नको असलेला प्रतिबिंब-समघटक जवळजवळ सापडतच नाही. विकरं नाजूक असतात, फक्त पाण्यात चालतात, हे मत आता जुनं झालं. ऑर्गॅनोकॅटॅलिसिस (लिस्ट आणि मॅकमिलन, नोबेल 2021) विकरातली हीच युक्ती प्रोलीनसारख्या छोट्या रेणूकडून करून घेते. धातू नसतो हा फायदा, पण उत्प्रेरक बऱ्याचदा 5-10 मोल टक्के लागतो.

फेज ट्रान्सफरला परीक्षेत दोन ओळी असतात, पण तारापूर, महाड, लोटेच्या पट्ट्यात त्याच्यावर कितीतरी प्लांट चालतात. सायनाइड पाण्यात, अल्किल हॅलाइड टोल्युइनमध्ये, दोघांची भेट नाही. टेट्राब्युटिल अमोनियम ब्रोमाइडचा चरबीप्रिय आयन सायनाइडला टोल्युइनमध्ये घेऊन जातो आणि ब्रोमाइड परत आणतो. टोल्युइनमध्ये त्या सायनाइडभोवती पाण्याचं कवच जवळजवळ नसतं, म्हणून ते जास्त आक्रमक होतं. डीएमएफ हा महाग द्रावक वाचतो. तोटा एकच: तो अमोनियम क्षार सांडपाण्यात उतरतो आणि जिवाणूंना मारक ठरतो, म्हणून ईटीपीवाल्याला (सांडपाणी प्रक्रिया सांभाळणाऱ्याला) आधी विचारा. फोटो आणि विद्युत उत्प्रेरणाबद्दल मी लिहीत नाही, त्यावर हात बसलेला माणूसच चांगलं सांगेल.

शेवटी मुलाखत. मी उमेदवाराला विचारतो: सल्फ्युरिक आम्लाच्या प्लांटमधला व्हॅनेडियम पेंटॉक्साइड कोणत्या प्रकारचा? सगळे विषमांगी म्हणतात. चालू कन्व्हर्टरमध्ये 400 अंशांच्या वर व्हॅनेडियम हा पोटॅशियम पायरोसल्फेटच्या वितळलेल्या रसात असतो आणि तो रस सिलिकाच्या छिद्रांत पसरलेला असतो. सल्फर डायऑक्साइडचं ऑक्सिडेशन त्या द्रवात होतं. तापमान घसरलं की व्हॅनेडियम त्यातून घनरूपात बाहेर पडतं आणि थर थंडावतो. बाहेरून घन, आतून द्रव. दुसरा प्रश्न: पॅलेडियम-कार्बनने सुझुकी केलं, तर प्रकार कोणता? इथे प्रामाणिक उत्तर, तपासल्याशिवाय सांगता येणार नाही, हेच आहे. बऱ्याचदा पॅलेडियम कार्बनवरून सुटून द्रावणात काम करतं आणि शेवटी परत कार्बनवर बसतं. तपासायची रीत सोपी आहे. कन्व्हर्जन तीस-चाळीस टक्के झालं की क्रियेच्याच तापमानाला मिश्रण गाळा, गाळलेल्या द्रवात ताजा बेस घाला, आणि उत्प्रेरकाशिवाय तसंच तापत ठेवून तासाभराने सॅम्पल काढा. कन्व्हर्जन पुढे सरकलं तर काम द्रावणातलं पॅलेडियम करतंय, आणि ते एपीआयमध्ये (औषधाच्या मुख्य घटकात) उतरेल अशी तयारी आत्तापासून ठेवा. सरकलं नाही तरी लगेच विषमांगी म्हणू नका, सुटलेलं पॅलेडियम गाळताना कार्बनवर परत बसलं असू शकतं. मिश्रण थंड करून मात्र गाळू नका. थंड होताना ते आणखी सहज परत बसतं आणि चाचणी खोटं उत्तर देते.